गाजर गवतावर केसाळ अळ्या पडल्यात, राहू द्यायच्या की मारायच्या?

बांधकरी_औसा

नमस्कार मंडळी. औसा तालुका, जि. लातूर. सोयाबीन आहे, त्याला लागून थोडं सूर्यफूल, आणि मधल्या बांधापासून पार रस्त्यापर्यंत गाजर गवत माजलंय. यंदा पाऊस बरा झाला तसं ते कमरेला लागलंय, उपटून उपटून हात गेले, दोन वर्षांपूर्वी आईला त्याची अॅलर्जी उठली तेव्हापासून घरातल्या बायका तिकडं फिरकत नाहीत. शेळी तोंड लावत नाही, म्हैस लावत नाही.

आता झालंय असं की बांधावरून जाताना काही झाडांची पानं पांढरी जाळीदार दिसली. पान उलटं केलं तर खाली बारीक अळ्यांचा गच्च पुंजका, शंभराच्या वर नक्की, अंगावर केस, काडीनं डिवचलं की सगळ्या एकदम मान हलवतात. पुढच्या झाडांवर मोठ्या पण होत्या, दीड इंचाच्या आसपास, मधे तांबूस पिवळ्या आणि दोन्ही टोकांना काळ्या, केस लांब लांब. त्या झाडांच्या नुसत्या काड्या राहिल्यात. खरं सांगू, मला तर आनंद झाला बघून, ह्या गवताला खाणारं कोणीतरी आलं एकदाचं. पण चुलते म्हणतात सोयाबीनवर औषध मारायचंच आहे तर बांधावर पण मारून टाकू. मला वाटतं त्यांना खाऊ द्यावं. कोणी सांगेल का ह्या कसल्या अळ्या आहेत आणि काय करावं?

माळरान

फोटो टाका जमलं तर. गाजर गवतावर खरं तर तो मेक्सिकन भुंगा जास्त दिसतो, मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी वेड्यावाकड्या रेघा असतात त्याच्या. पण त्याच्या अळीला असे लांब केस नसतात, त्यामुळं तुमचं हे वेगळं काहीतरी आहे.

शेतीशाळा_परभणी

दादा, फोटो नसला तरी वर्णन इतकं नीट केलंय की ओळखायला अडचण नाही. ही केसाळ अळी, बिहारी केसाळ अळी म्हणतात ती, शास्त्रीय नाव स्पायलोसोमा ऑब्लिका. हा पतंग आपल्याच देशातला आहे, कोणी बाहेरून आणून सोडलेला नाही. रात्री दिव्यावर येतो, पंख फिकट बदामी, त्यावर काळे ठिपके आणि पोट लालसर. बघितला असेल तुम्ही अंगणातल्या बल्बपाशी.

आता तुमच्या आनंदावर पाणी टाकायला मला पण बरं वाटत नाही, पण ही अळी गाजर गवत खाते म्हणजे ती गाजर गवताची शत्रू आहे असं समजू नका. ती शंभरावर प्रकारच्या वनस्पती खाते, सूर्यफूल, सोयाबीन, उडीद, मूग, भुईमूग, तीळ, एरंडी, तिकडं बंगाल-बिहारात ताग, सगळं. तुमच्या बांधाच्या एका बाजूला सूर्यफूल, दुसऱ्या बाजूला सोयाबीन, म्हणजे तिच्या आवडीची दोन्ही पिकं.

तिची चाल समजून घ्या. मादी पानाच्या खालच्या बाजूला पुंजक्यात अंडी घालते, एकेका मादीची अंडी शेकड्यांनी असतात. पिल्लं बाहेर आली की सुरवातीचे काही दिवस त्याच पानावर एकत्र राहतात आणि हिरवा भाग खरवडून खातात, वरचा पापुद्रा तसाच ठेवतात, म्हणून तुम्हाला पान पांढरं जाळीदार दिसलं. मोठी झाली की पांगतात आणि मग पूर्ण पान शिरांसकट खातात. आणि एका जागचं खाणं संपलं की ह्या अळ्या जमिनीवरून चालत पुढं सरकतात. तुम्ही लिहिलंय ना काही झाडांच्या काड्याच राहिल्यात, तिथल्या अळ्या आता कुठं चालल्यात ते आजच बघा. सूर्यफुलाच्या बांधाकडच्या तासांची, म्हणजे ओळींची, खालची पानं उलटी करून बघा, वरून बघून कळणार नाही.

औषध मात्र बांधभर मारू नका, त्याची गरज नाही. पुंजका दिसतोय तोवर काम एकदम सोपं आहे, ते पान अलगद तोडायचं आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचं, रॉकेल असेल तर चमचाभर घाला. एक पान तोडलं की शे-दोनशे अळ्या गेल्या, तेवढ्या पांगल्यावर मारायच्या म्हटलं तर अख्खा पंप लागेल. हातमोजे घाला, गवताची पण खाज आणि अळीच्या केसांची पण. पिकाच्या कडेच्या तासांवर बारीक अळ्या दिसल्या तर पाच टक्के निंबोळी अर्क मारा. आणि मोठ्या अळ्या पिकाकडं सरकताना दिसल्या तर बांध आणि पीक ह्यांच्या मधे एक छोटा चर मारा, उभ्या काठाचा, त्यात पडतात आणि गोळा करता येतात.

बांधकरी_औसा

सर खूप धन्यवाद, आत्ताच जाऊन बघून येतो. पण एक समजत नाही, हे गवत आपल्याकडं येऊन इतकी वर्षं झाली, मग फक्त त्यालाच खाणारा एक पण किडा आपल्याकडं कसा काय तयार झाला नाही?

पाखरांच्या_मागे

हा प्रश्न मला फार आवडला, ह्यावर मी लिहिते. मी पुण्याची, पतंग आणि त्यांच्या अळ्या बघायचा नाद आहे, शेतीतलं मला परभणीच्या सरांइतकं कळत नाही.

गाजर गवत मूळचं मेक्सिकोच्या आखाताच्या आसपासचं. आपल्याकडं ते पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यांवर आलं आणि अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं बहुतेक जण मानतात. म्हणजे फार तर सत्तर वर्षं. एखाद्या झाडावरच जगणारा किडा तयार व्हायला ही मुदत काहीच नाही. पानांत पार्थेनिन नावाचं कडू रसायन असतं, तुमच्या आईंना त्रास झाला तो पण बहुधा त्याच्यामुळंच. ज्या पतंगाची मादी पानाच्या वासावरून एकच ठराविक झाड शोधून अंडी घालते तिला हे झाड ओळखूच येत नाही, आणि चुकून अंडी घातली तरी अळीला ते पचवता आलं पाहिजे. त्यामुळं परक्या तणावर आधी येतात त्या कुठलंही पान चालणाऱ्या अळ्या. आणि कुठलंही पान चालणाऱ्या अळ्या म्हणजे नेमक्या शेतकऱ्याला नको असलेल्या. योगायोग नाही हा, एकाच गुणाच्या ह्या दोन बाजू आहेत.

घाणेरीचं पण तेच बघा, तुमच्याकडं टणटणी म्हणत असतील. ती १८०९ मध्ये कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली, गाजर गवताच्या कितीतरी आधी. आमच्या इकडच्या डोंगरांच्या पायथ्याला घाणेरीच्या जाळीत मला एकदा मोठी हिरवी अळी मिळाली, बोटाएवढी जाड, अंगावर तिरके पट्टे आणि शेपटीला वाकडं खरखरीत शिंग. मुळीच घाई नव्हती तिला, पुढच्या पायांनी पानाची कड धरून वरून खाली, वरून खाली असं कातत होती, खाताना कुरकुर आवाज येत होता आणि खाली लेंड्यांचा सडा. कवटीसारखी खूण पाठीवर असलेला जो मोठा पतंग असतो ना, मधमाश्यांच्या पोळ्यात घुसून मध पिणारा, त्याची ही अळी. आपलाच पतंग. पण हीच अळी तिळावर येते, वांग्यावर येते. आणि घाणेरीच्या एवढ्या मोठ्या जाळीत ती एकटी, तिच्या खाण्यानं जाळीला काय फरक पडणार?

घाणेरीवर अजून एक बारका तपकिरी पतंग असतो, हायपेना लॅसेरॅटॅलिस. तो आफ्रिका-आशियातला, त्याच्या अळ्या घाणेरीची पानं चांगली खातात, इतकी की १९५७ साली हवाई बेटांवर घाणेरीविरुद्ध मुद्दाम नेऊन सोडला होता. तरी घाणेरी आहेच, तिथं पण आणि इथं पण.

एक विनंती मात्र करते. बांधावर विषारी फवारा खरंच नको, सरांनी पण तेच सांगितलंय. चातक आणि पावशा हे दोन्ही पक्षी केसाळ अळ्या खातात, जे बाकीच्या पाखरांना फारसं जमत नाही. तुमच्याकडं पावसाबरोबर चातक येतच असेल, डोक्यावर तुरा आणि काळा-पांढरा रंग. शिवाय ह्या अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या असतात. मलूल पडलेली अळी आणि तिला चिकटून बारीक पांढरे कोष असं काही दिसलं तर ती अळी तोडू नका, मारू नका, तशीच राहू द्या. त्या कोषांतून ज्या माश्या निघतील त्या तुमच्यासाठी काम करतील.

किवी_मराठी

मी ऑकलंडला असतो, मूळ सांगलीचा. इथं अगदी ह्याच विषयाची एक जुनी गोष्ट आहे म्हणून लिहितो. रॅगवर्ट नावाचं पिवळ्या फुलांचं तण युरोपातून इथं आलं आणि कुरणांमधे पसरलं, गुरांनी खाल्लं तर लिव्हर खराब होतं, डेअरीवाल्यांचं मोठं नुकसान. इथला स्वतःचा एक पतंग आहे, मॅग्पाय मॉथ म्हणतात, काळा आणि त्यावर फिकट ठिपके, दिवसा उडतो. त्याच्या अळ्या काळ्या, केसाळ, अंगावर नारिंगी रेघा. न्यूझीलंडमधे रॅगवर्टची भावकी असलेली काही मूळची झाडं आहेत, ह्या अळ्या त्यांच्यावर जगायच्या, त्या रॅगवर्टवर पण आल्या. तणाचं विष अंगात साठवतात त्यामुळं बरेच पक्षी त्यांना टाळतात.

म्हणजे पाखरांच्या_मागे ताई म्हणतात त्याच्या पुढची पायरी झाली ही, कुठलंही पान चालणारी अळी नाही तर त्याच कुळातल्या झाडांची सवय असलेली. काही वर्षी झाडंच्या झाडं बोडकी करतात. तरीपण रॅगवर्ट हटलं नाही, कारण त्या पतंगाचे जुने शत्रू, गांधीलमाश्या वगैरे, ते इथंच आहेत आणि त्याची संख्या एका मर्यादेबाहेर जाऊ देत नाहीत. आणि पानं खाल्लेलं रॅगवर्ट बुडातून परत फुटतं. शेवटी उपयोग झाला तो १९८० च्या दशकात बाहेरून आणून सोडलेल्या, मूळच्या युरोपातल्या एका बारक्या उडीमार भुंग्याचा, त्याच्या अळ्या मुळं आणि बुंधा खातात. फार ओल्या भागात त्याचं नीट जमत नाही पण बाकी बऱ्याच ठिकाणी रॅगवर्ट खूप कमी झालं. मूळ देशातला शत्रू आणावा लागला, नीट तपासून, आणि तो मागं त्याचे शत्रू ठेवून आला म्हणून चालला.

बांधकरी_औसा

जाऊन आलो. सरांचं बरोबर निघालं. सूर्यफुलाच्या बांधाकडच्या पहिल्या दोन तासांत खालच्या पानांवर अळ्या आहेत, मोठ्या, पांगलेल्या, पुंजका एकपण नाही. म्हणजे त्या गवतावरूनच आल्यात, सूर्यफुलावर जन्मलेल्या नाहीत. सोयाबीनमधे अजून काही नाही. पोरगा आणि मी मिळून बांधावरची पुंजक्याची पानं तोडली, बादलीचा तळ काळा झाला. चर उद्या मारतो.

ताईंनी सांगितलेले कोष पण सापडले, तीन-चार अळ्या काडीला चिकटून मेल्यासारख्या आणि शेजारी पांढऱ्या बारीक गोळ्या. त्या फांद्या चुलत्यांना दाखवून तशाच ठेवल्या, आता ते पण औषध मारू म्हणत नाहीत.

पण मग गवताचं काय करू? अळ्या काढल्या म्हणजे गवत परत तरारणार.

आबा_मोहोळ

मीठ मारा. मिठाचं वीस टक्के पाणी करून पानावर मारलं की दोन दिवसात वाळतं, आमच्या गावात ग्रामपंचायतीनं रस्त्याकडंला मारलं होतं. आणि पाऊस लागायच्या आधी तरोट्याचं बी फेकून ठेवा, तरोटा उठला की गाजर गवताला वर येऊ देत नाही. कवळा असताना भाजी पण होते.

शेतीशाळा_परभणी

आबांचं तरोट्याचं एकदम बरोबर, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. मिठाबद्दल मात्र थोडं थांबा. पडीक जागा, रस्त्याची कड, रेल्वेची कड इथं ठीक आहे, पण तुमच्या बांधाच्या दोन्ही बाजूला पीक आहे आणि पावसात ते सगळं पाणी शेतातच उतरणार, बांधावर मीठ नको.

आणि गवत राहू द्यायचं नाही ह्याला केसाळ अळीशिवाय अजून कारणं आहेत, सूर्यफूलवाल्यांनी तर नीटच वाचा. सूर्यफुलाचा जो नेक्रोसिस रोग आहे, शेंडा काळा पडून वाकडा होतो तो, त्याचा विषाणू गाजर गवतात गुपचूप राहतो, गवताला स्वतःला काहीच दिसत नाही. गवताच्या परागकणांबरोबर तो जातो आणि फुलकिडे तो पिकाच्या पानात घालतात. २००० साली आंध्रात अनंतपूरला भुईमुगाचं प्रचंड नुकसान झालं ते ह्याच विषाणूनं. कापसावरचा पिठ्या ढेकूण पण ह्या गवतावर आरामात राहतो. म्हणजे तुमच्या बांधावरचं हे गवत म्हणजे पिकाच्या कितीतरी दुखण्यांची धर्मशाळा आहे.

त्यामुळं बांधावरचं उपटायचंच, आणि फुलं यायच्या आधी. उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फुलावर येतं आणि एका झाडाला पंधरा-वीस हजार बी धरतं, म्हणून तारीख चुकवायची नाही. पाऊस पडून गेल्यावर जमीन ओली असताना मुळासकट निघतं, वरून कापलं तर परत फुटतं. फुलाआधीचं गवत खड्ड्यात शेणाबरोबर घालून कंपोस्ट होतं, फुलावर आलेलं मात्र घालू नका, बी जिवंत राहिलं तर खताबरोबर सगळ्या शेतात जाईल. आणि उपटायच्या आधी त्या झाडावरच्या अळ्या काढून घ्या. तसंच उपटून टाकलंत तर उपाशी अळ्या सरळ सूर्यफुलात जातील. आधी चर, मग अळ्या, मग गवत, ह्याच क्रमानं करा. पांढऱ्या कोषांच्या फांद्या तेवढ्या बाजूला काढून बांधावरच खोचून ठेवा.

माळरान

मग मेक्सिकन भुंगा सोडला तर? सूर्यफूल आहे म्हणून भीती वाटते.

शेतीशाळा_परभणी

भीती जुनी आहे पण आता बाळगायचं कारण नाही. हा झायगोग्रामा भुंगा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळुरूला आणला, तपासण्या करून १९८४ मध्ये सोडला. पुढं कर्नाटकात काही ठिकाणी सूर्यफुलावर दिसला आणि मोठा वाद झाला, सोडणं थांबलं, समिती बसली, पुन्हा तपासण्या झाल्या. निष्पन्न हे झालं की गवत संपल्यावर भुकेला भुंगा सूर्यफूल चावून बघतो, पण पिकाला नुकसान होईल असा तिथं वाढत नाही. आज शासनाच्या संस्थाच तो वाटतात, ऑगस्टमधे १६ ते २२ तारखेला गाजर गवत जागरूकता सप्ताह असतो तेव्हा तर खास.

तपासणी किती कडक असते ते सांगतो. ऑस्ट्रेलियात गाजर गवताच्या खोडात गाठी करणारा एक पतंग, एपिब्लेमा, चांगला चालला होता. १९८५ मध्ये तो आपल्याकडं पण आणला. प्रयोगशाळेत बघितलं तर त्याची अळी कारळ्याच्या झाडावर वाढून पूर्ण पतंग होत होता. कारळा आपलं पीक, नाशिक-नगरच्या डोंगराळ भागात आदिवासी शेतकऱ्यांचं तेलाचं आणि चटणीचं साधन. बाहेर न सोडता सगळा साठा नष्ट करून टाकला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्या दिवशी कोणी ढिलाई केली असती तर कारळा लावणाऱ्याला आयुष्यभर निस्तरावं लागलं असतं.

भुंग्याची मर्यादा एवढीच की तो पावसाळ्याचा आहे. पहिल्या पावसाला जमिनीतून वर येतो, खातो, अंडी घालतो आणि थंडीला परत मातीत जाऊन झोपतो. गाजर गवत तर ओल मिळाली की बारा महिने उगवतं. म्हणून तो बांधावर नाही, पडीक जागेत सोडायचा.

पाखरांच्या_मागे

तरोट्याला माझं पण एक मत. त्याच्यावर आपली पिवळी फुलपाखरं अंडी घालतात, ती अळी सूर्यफुलावर, सोयाबीनवर जात नाही. बांधावर तरोटा असेल तर अळ्यांना खायला पण राहतं आणि पाखरांना अळ्या पण राहतात.

बांधकरी_औसा

रस्त्याच्या बाजूला ग्रामपंचायतीची पडीक जागा आहे, तिथं गवत डोक्याएवढं आहे आणि पीक लांब आहे. तिथं भुंगा सोडतो आणि ती जागा उपटत नाही. बांध मात्र ह्या आठवड्यात साफ. तरोट्याचं बी चुलत्यांकडच्या पडकाला भरपूर धरतं, दिवाळीच्या आसपास शेंगा वाळल्या की काढून ठेवतो. लातूरकडं कोणाकडं भुंगे आहेत का? आणि आणायचे कसे?

माळरान

निलंग्याला आमच्या शिवारात आहेत, शाळेमागच्या मोकळ्या जागेत पुष्कळ. सकाळी लवकर या, ऊन चढलं की खाली टपकतात आणि सापडत नाहीत. प्लास्टिकची बरणी आणा, झाकणाला भोकं पाडून, आत गाजर गवताचा पाला घाला आणि उन्हात ठेवू नका. त्याच दिवशी संध्याकाळी नेऊन सोडा, सगळे एकाच जागी, चार-पाच झाडांवर. पांगवून सोडले तर एकमेकांना सापडत नाहीत. येताना मला तरोट्याचं थोडं बी चालेल, शेंगा वाळल्या की.

बांधकरी_औसा

येतो रविवारी. बी नक्की आणून देतो दिवाळीनंतर.